प्रोसेसर जलद चालविल्यानें खेळ सुधारतो काय ?

संगणकावर खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. प्रोसेसर, कारखानदारानें ठरवून दिलेल्या गतीपेक्षां अधिक गतीनें चालविला, तर खेळ अधिक सुरळीत चालेल काय ? या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तिच्याकरितां पुष्कळदां महाग प्रोसेसर, तसाच मदरबोर्ड व मोठा पंखा विकत घ्यावा लागतो, आणि तो पैसा बहुधा वडिलांच्या कष्टाचा असतो. म्हणून या प्रश्नाचा विचार नुसत्या उत्साहानें न करितां नीट समजून करणें अवश्य आहे.

प्रोसेसरमध्यें एकसारखा ठोका पडत असतो व त्या ठोक्यासरशीं त्याचें काम पुढें सरतें. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास शंभर कोटि ठोके. ठोके वाढले कीं काम वाढलें, हें वरवर खरें दिसतें. परंतु खेळांतील चित्र एकट्या प्रोसेसरच्या हातून तयार होत नाहीं. खेळाडू कोठें आहे, प्रतिपक्षी काय करितो, कोणती वस्तु कोठें आदळली, हें प्रोसेसर ठरवितो; आणि त्याप्रमाणें चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करितें.

स्वयंपाकघरांत एक बाई पोळ्या लाटीत आहे व दुसरी भाजीत आहे, अशी कल्पना करा. तव्यावरील काम जर सावकाश चालत असेल, तर लाटणारीनें कितीहि घाई केली तरी ताटांत पोळ्या अधिक पडावयाच्या नाहींत. तोच न्याय येथें लागूं पडतो. समजा, एका चित्रास प्रोसेसर ८ व ग्राफिक्स कार्ड १६ मिलिसेकंद घेतें. दोघांचीं कामें जोडीनें चालत असल्यामुळें सेकंदास सुमारें ६२ चित्रें निघतील. प्रोसेसरचा वेळ ७ मिलिसेकंदांवर आणला तरीहि चित्रें ६२ च राहतील. याच्या उलट प्रोसेसर १६ व कार्ड ८ मिलिसेकंद घेत असेल, तर ठोके दहा टक्क्यांनीं वाढवितांच चित्रें सुमारें ६८ पर्यंत जातील. पण हीहि झाली कमाल मर्यादा. कारण प्रोसेसरचा बराच वेळ मेमरीकडून माहिती येण्याची वाट पाहण्यांत जातो, आणि प्रोसेसरचे ठोके वाढविल्यानें मेमरी जलद होत नाहीं.

याचें एक बोलकें उदाहरण आहे. ए. एम. डी. कंपनीच्या रायझन ५८००एक्स या २०२० सालच्या प्रोसेसरची कमाल गति ४.७ गिगाहर्ट्झ, व त्यांतील मोठी कॅश, म्हणजे जवळची साठवण, ३२ मेगाबाइट. २०२२ सालीं निघालेल्या ५८००एक्स३डी या त्याच्या भावंडाची गति ४.५ गिगाहर्ट्झच, परंतु कॅश ९६ मेगाबाइट. कमी ठोक्यांचा असूनहि हा दुसरा प्रोसेसर कित्येक खेळांत पहिल्यास मागें टाकितो. आणि त्याचे ठोके वाढविण्याची मोकळीक तर कंपनीनें मुळींच ठेविली नव्हती.

एके काळीं मात्र या युक्तीचा लाभ मोठा होता. १९९८ सालच्या इंटेल सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेतांच तो ३०० ऐवजीं ४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीडपट गतीनें, चालूं शके. पुढें २००८ सालीं इंटेलनें टर्बो बूस्ट आणिलें, व तेव्हांपासून उष्णता आणि वीज यांचा अंदाज घेऊन प्रोसेसर आपण होऊनच गति वाढवूं लागले. अर्थात् आज मालकाच्या हातीं उरणारी वाढ थोडीच असते.

तिची किंमत मात्र थोडी नसते. विजेचा खप ठोक्यांच्या प्रमाणांत व विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दोन्ही दहा टक्क्यांनीं वाढविले, तर खप सुमारें तेहतीस टक्क्यांनीं वाढतो, व त्या सर्व विजेची उष्णता होते. उन्हाळ्यांत खोलीच तापलेली असली, म्हणजे पंख्याचा उपाय अपुरा पडतो, आणि अति तापलेला प्रोसेसर स्वतःला वांचविण्यासाठीं आपली गति उलट कमी करितो. शिवाय मध्येंच यंत्र बंद पडणें हें आहेच. आणि या उद्योगानें झालेली नुकसानी वॉरंटींत सहसा बसत नाहीं.

तेव्हां खर्चापूर्वीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. चित्रसंख्येवर मर्यादा घातलेली असल्यास ती काढावी, व खेळांतील चित्राचें रेझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावें. चित्रें पुष्कळ वाढलीं, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता. प्रोसेसर पळवून कांहीं साधणार नाहीं. तीं जवळजवळ तेवढींच राहिलीं, तर अडथळा प्रोसेसर अथवा मेमरी यांचा आहे. तेथें ओव्हरक्लॉकिंगचा थोडासा उपयोग होईल. दोष कोठें आहे हें आधीं शोधावें व मगच औषधाला पैसे मोजावे, एवढेंच आमचें विद्यार्थ्यांस सांगणें आहे.