कळ थांबली, तरी पाठ बरी झाली नाही

वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांकरिता मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. भोवतालच्या शिवारात सोयाबीन, तूर व ज्वारी ही पिके होतात. कारखान्यात तासन् तास बैठे काम आणि शेतात वाकून खुरपणी व काढणी. दोन्हींचा भार अखेर कमरेवरच पडतो.

दोन मणक्यांमधील गादी फाटून तिचा भाग नसेवर दाबला, म्हणजे कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी १९३४ साली हे कारण स्पष्टपणे मांडले. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. ज्यांना ती करावी लागते, त्यांच्या पायाची कळ बहुधा लवकर थांबते; आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. नस मोकळी झाली तरी गादीच्या कडेचे भोक भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. दुखत नाही म्हणून मनुष्य स्वतःस बरा समजतो, आणि त्यातच मृगाचा पाऊस झाला तर त्यास घरी बसवत नाही. डीएपीची एक गोणी ५० किलोची असते. ती वाकून, अंगास पीळ देऊन उचलली, तर तीच गादी पुन्हा बाहेर येण्याचा धोका असतो. कंबरपट्टा बांधल्याने हा धोका टळत नाही.

याच्या उलट, घरची वडील मंडळी रुग्णास महिनाभर खाटेवरून उठू देत नाहीत. हा मायेपोटी होणारा अपायच होय. शल्यविशारदाने परवानगी देताच दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालावे. स्वीडनमधील नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात गादीवरील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो उभे राहण्यापेक्षा बसल्यावर अधिक आढळला. म्हणून फार वेळ बैठक मारू नये. मोटारसायकल व ट्रॅक्टर विचारल्यावाचून चालवू नये. चार ते सहा आठवड्यांनंतर सुरू केलेल्या व्यायामाने आराम लवकर पडतो, व त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ अधिक येते असे आढळलेले नाही. गावात व्यायाम शिकविणारा तज्ज्ञ नसतो. तेव्हा रुग्णालयातून निघण्यापूर्वीच तो घरच्या एका माणसासमक्ष शिकून घ्यावा आणि कागदावर लिहून आणावा.

पेरणी मात्र कागदाने होत नाही. एकट्या कर्त्या पुरुषाच्या घरी बी-खताची गोणी कोणी उचलावी, हा प्रश्न औषधाहून अवघड आहे. ग्रामसेवकाने शस्त्रक्रियेचा दिवस ठरताच शेजाऱ्यांशी बोलून सावड किंवा इर्जिक ठरवून द्यावी. रुग्ण शेतावर निघाल्यावर त्यास उपदेश करण्याचा उपयोग होत नाही.

ताप येणे, जखमेतून पू वाहणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे. लघवी अडली वा नकळत झाली, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे.