रक्तातला आकडा आणि कर्करोग

‘रक्त तपासले की कॅन्सर कळतो’ ही समजूत आज खेड्यापाड्यांतही रुजली आहे. ती अर्धीच खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत गरिबाला मोजावी लागते, म्हणून तिची फोड केली पाहिजे.

रक्ताच्या कर्करोगात साध्या रक्तगणनेतच बहुधा पहिला संशय येतो. इतर अवयवांच्या गाठींचे तसे नाही. १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात सापडलेले ‘सीईए’ हे प्रथिन जाहीर केले. पुढे ते रक्तातही मोजता येऊ लागले आणि रोग आरंभीच पकडण्याची आशा निर्माण झाली. ती टिकली नाही. विडी ओढणाऱ्या निरोगी माणसाचे सीईए वाढलेले असू शकते आणि लहान गाठ असलेल्या अनेकांचे वाढतच नाही. मात्र गाठ काढल्यावर खाली आलेला आकडा काही महिन्यांनी पुन्हा चढू लागला, तर रोग परतल्याची शंका घेऊन पुढचा तपास करता येतो. त्याच माणसाच्या मागच्या आकड्याशेजारी ठेवल्यावरच या आकड्याला अर्थ येतो.

स्त्रियांच्या ‘सीए-१२५’चे प्रकरण अधिक गंभीर आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगात ते वाढते, तसे पोटाच्या क्षयातही वाढते. पोटात पाणी, घटलेले वजन, चढलेला आकडा. दोन्हीकडे चित्र सारखेच. त्यातला क्षय औषधांनी बरा होतो! म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्के मानू नये. आपल्या वस्त्यांतून क्षय अजून गेलेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांची चाचणी झाली. २०२१ च्या निष्कर्षानुसार मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

घरातला पहिला पदवीधर म्हणून असे इंग्रजी रिपोर्ट माझ्यापुढे येतात. मी विचारतो, तपासणी कोणी सांगितली? कशासाठी? आधीचा कागद कुठे आहे? पुष्कळदा कोणत्याच डॉक्टरने ती सांगितलेली नसते, पैसे मात्र गेलेले असतात.

आता दुसरी बाजू पाहा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून एक पाहणी केली. जेमतेम दहावी झालेल्या स्त्रियांना शिकवून, व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख तपासले गेले. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तोंडाच्या कर्करोगासाठी तर तंबाखू खाणाऱ्याचे तोंड उजेडात उघडून पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम पाहायची असते, आणि ती दिसली की त्याला रुग्णालयात न्यायचे असते.