डबा घेण्याआधी बीपी मोजा



गेल्या पावसाळ्यात पन्हाळा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत साडेतीन हजारांच्या कर्जाची मागणी आली. वहीत कारण लिहावं लागतं, म्हणून आम्ही विचारलं, "काकू, कशासाठी?" काकू म्हणाल्या, "हार्टच्या आणि हार्मोनच्या डब्यासाठी. दोन डबे घ्यायचेत." शेळी, खत, मुलीची फी ही कारणं आम्ही नेहमी लिहितो. डबा हे कारण पहिल्यांदाच लिहिलं.

खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. आदल्या बैठकीत गावातलीच एक सून तो डबा घेऊन आली होती. आपलीच पोरगी, चार पैसे मिळवते आहे, म्हणून आम्ही तिला दहा मिनिटं बोलू दिलं. बैठकीत बोलू दिलं, म्हणजे ताईंचीही संमती आहे, असं बायकांनी धरलं. महिन्याभरानं काकू म्हणाल्या, "ताई, बीपीची गोळी बंदच केलीया. डबा सुरू हाय की, मग गोळी कशाला?" आम्ही त्याच दिवशी त्यांना उपकेंद्रात नेलं. बीपी भरलं १७६ आणि १०४. पुढं काही अघटित झालं नाही, डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. पण कर्जाचे हप्ते काकूंनी चार महिने फेडले. म्हणून आजचा विषय हा डबा.

डबेवाल्या हार्ट आणि हार्मोन हे दोन शब्द जोडीनं का विकतात? त्यात थोडं खरं आहे. पाळी सुरू असते तोवर बाईच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन भरपूर असतं. त्याच्यामुळं रक्तातली चरबी बऱ्यापैकी आटोक्यात राहते. पंचेचाळिशी-पन्नाशीला पाळी गेली की हे हार्मोन कमी होतं आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढायला लागतं. ऑपरेशनमध्ये अंडाशयही काढली असतील तर हे आधीच सुरू होतं. म्हणजे पाळी गेल्यावर हृदयाकडं जास्त लक्ष द्यायचं, हे बरोबर. पण ते लक्ष डब्यात मिळतं, हे चूक.

'हार्मोन बॅलन्स' हा शब्द ऐकला की तागडी डोळ्यापुढं येते. एका पारड्यात चमचाभर पावडर टाकली की झालं! पण अंगात हार्मोन अनेक आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. थायरॉईड हे हार्मोन. साखर सांभाळणारं इन्सुलिन हेही हार्मोनच. पाळीची हार्मोन आणखी वेगळी. थायरॉईड कमी असेल तर टीएसएच तपासतात आणि त्याची गोळी असते. साखर वाढली असेल तर तिची तपासणी वेगळी, औषध वेगळं. सगळ्या बायकांच्या सगळ्या हार्मोनला एकच पावडर लागू पडेल असं शरीर बनलेलंच नाही. आणि एक लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत अंगावरून गेलं, तर त्याला 'हार्मोनचा गोंधळ' म्हणून घरी बसायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचंच.

आता हृदयाच्या कॅप्सूलचं बघू. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, म्हणजे ओमेगा-३, त्यात सगळ्यांत जास्त खपतात. अमेरिकेत जवळपास २६,००० लोकांना पाच वर्षं रोज ओमेगा-३, ड जीवनसत्त्व किंवा नुसती दिसायला तशीच गोळी देऊन बघितलं. २०१८ साली निकाल आला. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू, सगळे मिळून मोजले, तर या गोळ्यांनी ते ठळकपणे कमी झाले नव्हते. काही रुग्णांना डॉक्टर स्वतः मोठा डोस लिहून देतात, ती गोष्ट वेगळी. आपल्या मनानं मोठा डोस घेतला तर ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

मग सप्लिमेंट सगळीच वाईट का? तसं नाही. सप्लिमेंट म्हणजे पूरक. जे कमी आहे ते भरून काढायचं. कमी आहे का, हे आधी कळलं पाहिजे. आपल्याकडं खरी कमतरता असते ती लोहाची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यावरची लोह-फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. ती चहाबरोबर घेऊ नका, चहामुळं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. माळकरी, शाकाहारी बायकांत बी-१२ कमी असू शकतं. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकतं. अशी कमतरता तपासणीत दिसली तर डॉक्टर सांगतील ती गोळी जरूर घ्या. तेही सप्लिमेंटच आहे, पण मोजून-मापून दिलेलं.

डबा आणि गोळी यांचं आपसात जमत नाही, असंही होतं. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतात. तिच्याबरोबर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली तर थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. अश्वगंधा आपल्या ओळखीची, पण तीही थायरॉईडवर परिणाम करू शकते. गरोदर बाईनं ती घेऊ नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर माशाचं तेल, लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. आणखी एक सांगतो, हे फारच थोड्यांना माहीत असतं. केस गळू नयेत म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांत बायोटिन असतं. त्याचा मोठा डोस चालू असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी चुकीची येऊ शकते. हार्ट अटॅक आला का हे बघायची ट्रोपोनिन नावाची तपासणीसुद्धा खोटी कमी दिसू शकते. म्हणून रक्त देताना सांगायचं, "मी ही गोळी घेते."

डब्यावर काय लिहिलंय हेही वाचायला शिकू. इंग्रजीत असेल तर कॉलेजला जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा. त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबर असतो. विकणारी तो दाखवून म्हणते, "बघा, सरकारमान्य!" परवान्याचा अर्थ एवढाच की खाण्याची वस्तू बनवायला-विकायला परवानगी आहे. आपल्या गटाच्या लोणच्याच्या बरणीवरही अन्न परवान्याचा नंबर असतोच की. लोणच्यानं बीपी बरं होतं असं आपण म्हणतो का? त्याच डब्यावर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापावं लागतं. ते वाक्य शोधा आणि विकणारीलाच मोठ्यानं वाचायला सांगा. हृदयरोग, रक्तदाब, मधुमेह, पाळीच्या तक्रारी आमच्या औषधानं बऱ्या होतात, अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करता येतो.

मग हृदयासाठी करायचं काय? पहिलं, बीपी मोजायचं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचं बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं सारखा येत असेल तर डॉक्टरांकडं जायचं. बीपी दुखत नाही, म्हणून बरं वाटतंय या भरवशावर गोळी सोडायची नाही.

दुसरं, मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. घरात चौघं मोठी माणसं असतील तर किलोचा पुडा पन्नास दिवस तरी पुरायला पाहिजे. तुमच्याकडं किती दिवस पुरतो? पुड्यावर तारीख लिहून ठेवा, कळेल. आपली कांदा-लसूण चटणी, लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ त्यातच धरायचं. तिसरं, मिश्री. ती तंबाखूच आहे. दाताला लावली तरी हृदयापर्यंत पोचते. चौथं, रोज अर्धा तास झपझप चालणं. रानातलं काम होतं, पण भांगलताना बसून असतो आपण.

आणि खाण्यात? जवसाची चटणी करा. जवसात ओमेगा-३ चा एक प्रकार आहे, चोथाही भरपूर आहे. जवस भाजून कुटा, आख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं. चटणीत मीठ मात्र हात राखून. मासे खात असाल तर कोकणातून कोल्हापुरात येणारा बांगडा, तारली घ्या. ती स्वस्त असते आणि त्यांत तेच तेल असतं. तळू नका, कालवण करा. पण जवस असो की बांगडा, त्यानं गोळी सुटत नाही. जेवणाचं काम वेगळं, गोळीचं वेगळं.

बाईचा हार्ट अटॅक छातीत कळ येऊनच येतो असं नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, घाम, मळमळ, न सोसणारा थकवा, यालाही आपण पित्त म्हणून सोडा पितो. असं अचानक झालं तर १०८ ला फोन करा.

त्या गटात आम्ही ठराव केला. बैठकीत कुणीही औषध-पावडर विकायची नाही, आम्ही ओळखीचे असलो तरी. दर तीन महिन्यांनी उपकेंद्राच्या मॅडम येऊन सगळ्यांचं बीपी मोजतील. आणि डब्यासाठी कर्ज मागितलं तर तीन प्रश्न विचारायचे: तपासणी झाली का? कमतरता काय निघाली? डॉक्टरांना डबा दाखवला का? कर्ज अडवायचं नाही, पैसा तिचाच आहे. पण प्रश्न विचारायचे. विकणाऱ्या त्या सुनेलाही आम्ही वाळीत टाकलं नाही. तिनंही उसने पैसे काढून माल भरला होता. आता ती आमच्या जवस चटणीच्या पुड्या बाजारात नेते.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करा. घरात जेवढ्या गोळ्या, कॅप्सूल, पावडरी आहेत त्या सगळ्या एका पिशवीत भरा आणि उपकेंद्रात नेऊन दाखवा. सासूबाईंच्याही घ्या. काय चालू ठेवायचं आणि काय नाही, ते तिथं विचारा. आणि जाताच आहात तर हात पुढं करून बीपी मोजून घ्या.