छापील किंमत आणि पडद्याआडचे करार

वेष्टणात बांधून किरकोळीने विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रत्येक जिनसेवर सर्व करांसह कमाल किंमत छापणे भारतात कायद्याने बंधनकारक आहे. 1977 च्या नियमांत ‘स्थानिक कर वेगळे’ असे लिहिण्याची मुभा होती, आणि तिच्या आश्रयाने कराच्या नावाखाली वाटेल ती रक्कम गिऱ्हाइकाकडून वसूल होत असे. 1990 च्या दुरुस्तीने ती मुभा रद्द झाली. ही तरतूद ग्राहकास उपकारक आहे, यात संशय नाही. परंतु छापील आकडा ही एका दीर्घ व्यवहाराची केवळ शेवटची ओळ होय. तिच्या आधीचा सारा मजकूर कारखानदार, वितरक आणि दुकानदार यांच्यातील करारांत असतो, आणि ज्याच्या खिशातून अखेर पैसा जातो, त्याला तो दस्तऐवज कधीच पाहावयास मिळत नाही.

अशा करारांची गरज का पडते, याची मीमांसा अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्पेंगलर यांनी 1950 साली केली. कारखानदार आपल्या खर्चावर नफा चढवतो, दुकानदार त्या चढलेल्या किमतीवर पुन्हा आपला नफा चढवतो, आणि प्रत्येकाने स्वतःपुरते पाहिल्यामुळे भाव इतका वाढतो की खप घटून ग्राहकाबरोबर त्या दोघांचेही नुकसान होते. किरकोळ किमतीला कमाल मर्यादा घालणे, हा यावरील एक उपाय. जोखीम वाटून घेणे, हा दुसरा. न खपलेले अंक परत घेण्याची हमी असली की वृत्तपत्रविक्रेता निर्धास्तपणे मोठा गठ्ठा मागवतो, तो याच तत्त्वावर. 1998 च्या सुमारास अमेरिकेतील ब्लॉकबस्टर या कंपनीने चित्रपटनिर्मात्यांशी करार करून सुमारे 65 डॉलरची कॅसेट सुमारे 8 डॉलरला मिळवली व मोबदल्यात भाड्यातील हिस्सा देऊ केला. परिणामी दुकानात नव्या चित्रपटांच्या प्रती वाढल्या आणि रिकाम्या हाताने परतणारे गिऱ्हाईक कमी झाले.

आपल्या किराणा दुकानात हेच शास्त्र ‘स्कीम’ या नावाने नांदते. ठरलेल्या वारी सेल्समन ऑर्डर घ्यावयास येतो, डझनावर एखादा नग फुकट देऊ करतो. उधारी किती दिवसांची, मुदत संपलेला माल बदलून मिळणार की नाही, महिनाअखेरचे टार्गेट पुरे करण्यासाठी उरलेला माल कोणाच्या माथी मारावयाचा, हे सारे काउंटरवर उभ्याउभ्या ठरते. 2022 च्या आरंभी महाराष्ट्रातील वितरकांनी काही नामांकित उत्पादनांचा पुरवठा रोखला, त्याचे कारण हेच की तोच माल बड्या घाऊक व ऑनलाइन व्यापाऱ्यांना अधिक स्वस्त मिळतो, अशी त्यांची तक्रार होती.

मर्यादा वरून घातली तर ग्राहकाचे रक्षण होते. खालून घातली तर तोच नाडला जातो. किमान विक्रीदर लादणे अमेरिकेत 1911 साली सरसकट बेकायदा ठरले होते. 2007 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक प्रकरण गुणदोषांवर तपासावे, असा निर्णय दिला, कारण दराची हमी असल्यास विक्रेता ग्राहकास अधिक चांगली सेवा देऊ शकतो, असा युक्तिवाद आहे. आपला 2002 चा स्पर्धा कायदाही अशा अटींचा स्पर्धेवरील परिणाम पाहतो. मारुती सुझुकीने मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र व गोवा या विभागातील विक्रेत्यांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देण्यास मनाई केली, ग्राहकाच्या वेषात हस्तक पाठवून ती पाळली जाते की नाही हे पडताळले, आणि अधिक सूट देणाऱ्यास दंड केला, असा निष्कर्ष काढून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये कंपनीला 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या हुकुमाविरुद्ध कंपनी अपिलात गेली. सेवेचा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु सेवेसाठी वेगळा मोबदला ठरवता येत असताना सवलतीवरच बंदी घालणे कितपत न्याय्य, याचे उत्तर कारखानदाराने दिले पाहिजे.

म्हणून वेष्टणावरील आकडा तपासून शासनाचे कर्तव्य संपत नाही. सारख्या खरेदीला सारखा दर मिळावा, स्कीमच्या अटी लहान दुकानदारालाही लेखी कळाव्यात, आणि छापील किमतीपेक्षा स्वस्त विकू पाहणाऱ्याचे हात बांधणारी प्रत्येक अट, मग ती करारनाम्यात असो वा तोंडी, आधी ग्राहकहिताच्या कसोटीवर उतरावी, एवढी व्यवस्था झाली तरच कमाल किंमत खऱ्या अर्थाने कमाल राहील. एरवी तीच हळूहळू किमान होऊन बसेल.