सदाफुली, नरक्या आणि कर्करोगाची औषधे

शाळेच्या आवारात, देवळाच्या परिसरात आणि घराच्या अंगणात बारमाही फुलणारी सदाफुली सर्वांच्या परिचयाची आहे. सह्याद्रीच्या दाट जंगलात वाढणारा व उग्र दुर्गंधीवरून नाव पडलेला नरक्या मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. या दोन्ही वनस्पतींत कर्करोगावरील मोलाच्या औषधांची मूळ द्रव्ये आहेत. परंतु वनस्पतीत औषधी द्रव्य आहे, म्हणून ती वनस्पतीच औषध ठरते असे नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यास रुग्णाची हानी होते आणि जंगलाचीही.

अनपेक्षित शोध

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरील. अनेक देशांत मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून तिचा काढा घेतला जात असे. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर या शास्त्रज्ञांनी या समजुतीची पारख करण्यासाठी पानांचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. रक्तातील साखरेवर त्याचा विशेष परिणाम झाला नाही. मात्र पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्याने घटली. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. तेव्हा अर्कातील हे द्रव्य त्या रोगावर उपयोगी पडावे, असा विचार पुढे आला. १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या द्रव्यास १९६३ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांच्या जोडीने ते आजही दिले जाते.

पेशींवर होणारी क्रिया

पेशीचे विभाजन होताना तिच्यात सूक्ष्म नलिकांचे तर्कुतंतू तयार होतात. हे तंतू गुणसूत्रांना दोन्ही बाजूंस ओढून त्यांची समान वाटणी करतात. सदाफुलीतील द्रव्ये हे तंतू बनूच देत नाहीत. त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडते व पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांच्यावर या औषधांचा आघात अधिक होतो.

मंसुखलाल वाणी व मन्रो वॉल या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत अशाच आणखी दोन द्रव्यांचा शोध लावला. वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबार येथे झाला होता. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. टॅक्सॉलची क्रिया सदाफुलीच्या उलट आहे. ते तंतू बनू देते, पण त्यांना इतके घट्ट करते की ते पुन्हा सुटत नाहीत. परिणाम मात्र तोच होतो.

दुसरे द्रव्य कॅम्प्टोथेसिन. ते १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून मिळाले. डीएनएचा पीळ सोडविण्यासाठी पेशीतील एक विकर त्याचा धागा क्षणभर तोडते व पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन हे सांधणे रोखते, त्यामुळे डीएनए तुटून पेशी मरते. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांना हेच द्रव्य आपल्या नरक्यात आढळले. त्यात रासायनिक बदल करून तयार केलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत १९९६ पासून वापरात आहेत.

पान आणि औषध यांतील अंतर

एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळविण्यासाठी सदाफुलीची सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. यावरून पाने चावून किंवा काढा पिऊन कर्करोग बरा होईल ही आशा किती व्यर्थ आहे, हे कळून येईल. शिवाय सदाफुलीत इतरही विषारी द्रव्ये आहेत. शुद्ध औषधसुद्धा निरोगी पेशींना इजा करते. व्हिन्क्रिस्टिनमुळे हातापायांना बधिरता येते, तर व्हिनब्लास्टिनमुळे पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून वजन, वय व रक्ततपासणी पाहून मोजक्या मात्रेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही औषधे शिरेतून दिली जातात. काढ्याच्या भरवशावर गेलेले महिने रोगाला वाढण्यास वाव देतात.

गावपातळीवरील कर्तव्य

न भरणारी जखम, तोंडातील पांढरा चट्टा, स्तनातील गाठ अथवा अकारण रक्तस्राव दिसल्यास रुग्णास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे साहाय्य मिळू शकते. ही माहिती घरोघरी पोचविण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य उत्तम प्रकारे करू शकतील.

नरक्याचे रक्षण हेही तितकेच निकडीचे आहे. औषधी मागणीमुळे पश्चिम घाटात या झाडांची चोरटी तोड झाली. झाड मुळासकट गेले की बी धरणारे झाडही जाते व पुढील पिढी खुंटते. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. या समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत नरक्याची नोंद घ्यावी, तोडीची वार्ता वन विभागास कळवावी आणि रोपवाटिकेत त्याची रोपे तयार करावीत. उद्याची औषधेही याच जंगलातील एखाद्या दुर्लक्षित झाडात असू शकतील. परंतु त्यासाठी ते झाड तोपर्यंत उभे राहिले पाहिजे.