तवशांच्या आजीचं घर

“येशील ना गं माझ्याबरोबर? घरात कुणाला सांगू नकोस मात्र.” माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, ते साल २००३. त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. माझी लेक तेव्हा अडीच वर्षांची. हळदीकुंकवाला कुणी “अजून काही नाही?” असं वहिनींना विचारलं की मला उगाचच चोरट्यासारखं व्हायचं.

शेजारच्या ख्रिस्ती मावशींनी त्यांना तळावलीच्या देवळाबद्दल सांगितलं होतं. हो, देऊळच म्हणायच्या त्या. गोव्यात तिसवाडी तालुक्यातलं हे गाव, आणि देऊळ म्हणजे सांता आनाचं चर्च. सावंतवाडीहून पणजी, तिथून दुसरी बस, मग थोडं चालणं. जुलैचा पाऊस, पिशवीत परसातली दोन तवशी. (घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते, तवसं म्हणजे काकडी!)

सांता आना ही येशूची आजी, मारियेची आई. परंपरा सांगते, की आना आणि तिचा नवरा ज्वाकिम यांनाही म्हातारपणापर्यंत मूल नव्हतं. म्हणून ज्यांची कूस उजवली नाही, त्या बाया या आजीकडे येतात. २६ जुलै हा तिचा दिवस, आणि त्या सुमाराला इथे तवशांचं फेस्त भरतं. यातली गंमत पोर्तुगीज शब्दांत आहे. काकडीला म्हणतात पेपिनो, मुलाला मेनिनो. यमक जुळलं, नवस ठरला! नवऱ्याला म्हणतात मारिदो, म्हणून लग्नाच्या मुली उडीद आणतात. बायकोला मुल्येर, म्हणून मुलगे कुल्येर, म्हणजे चमचा, घेऊन येतात. मला हे ऐकून हसू आलं. वहिनी हसल्या नाहीत.

वळण घेतलं आणि मी थबकलेच. भातशेतं, नारळी, चार घरं आणि त्यांत हा पाच मजली पांढरा डोलारा! दोन्ही बाजूंना चौकोनी बुरूज. जांभा दगड आणि चुना, म्हणजे आपल्या कोकणातल्या घराचंच सामान, पण त्यातून काय उभं केलंय! काम १६८१ मध्ये फ्रान्सिस्को दो रेगो या धर्मगुरूंनी सुरू केलं आणि १६९५ मध्ये अंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्य यांनी पुरं केलं. मधेच, १६८३ मध्ये, संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी करून जवळचं जुवे बेट घेतलं होतं. अशा धामधुमीतही चौदा वर्षांत हे काम तडीला गेलं.

जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन साधूंच्या चर्चचा दर्शनी भाग असाच पाच मजली होता. त्याचं छत १८४२ मध्ये कोसळलं, दर्शनी भिंत १९३१ मध्ये. आता तिथे एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. राजधानीतलं गेलं आणि खेड्यातलं राहिलं. ते मूळचं कसं दिसत असेल, हे बघायचं तर तळावलीलाच यावं. होजे परेरांसारख्या अभ्यासकाने भारतीय बरोक शैलीत याला फार वरचं स्थान दिलंय. ‘बरोक’ म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर भरजरी, नटलेली शैली.

पण माझ्या मनात भरल्या त्या भिंती. त्या आतून पोकळ आहेत! पापाची कबुली द्यायला जाणाऱ्याला कुणी बघू नये, म्हणून भिंतीच्या पोटातूनच वाट ठेवलेली. बांधणाऱ्याला माणसाचं मन कळत होतं म्हणायचं. एकत्र कुटुंबात आम्हा बायकांना रडायला न्हाणीघराशिवाय जागा नव्हती. वहिनी त्या दिवशी आजीसमोर मनसोक्त रडल्या. मी लेकीला घेऊन दाराशी उभी राहिले. जवळ जावं की नाही, तेच कळेना.

गावात एक कथा सांगतात. डोक्यावर टोपी, हातात काठी घेतलेली एक म्हातारी टेकडीवरून उतरताना दिसली आणि म्हणाली, इथे माझं घर आहे. म्हणून तिच्या नावाने देऊळ बांधलं.

वहिनींना मूल झालं नाही. पुढे डॉक्टर झाले, औषधं झाली, मग त्यांनीच एक दिवस “पुरे आता” म्हटलं. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

गेल्या वर्षी मात्र त्यांचा फोन आला. “तवशी छान धरलीत. तळावलीला जाऊया का?” या वेळी घरात सगळ्यांना सांगून निघालो. वहिनींनी तवसं ठेवलं, हात जोडले आणि लगेच मागे वळल्या.

“काय मागितलंत?” मी विचारलंच.

“काही नाही गं. आजीच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं?” मग पिशवीत हात घालून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. “आणि हे उडीद. तुझी लेक ऐकेना लग्नाचं, म्हटलं बघूया!”