रडता रडता श्वास कोंडला तर

हातातील वस्तू कोणी काढून घेतली, की वर्ष-दीड वर्षाचे एखादे मूल टाहो फोडते. दोन-तीन हुंदक्यांनंतर रडणे एकाएकी थांबते, तोंड उघडेच राहते, ओठ काळेनिळे पडतात आणि मूल अंग टाकते. क्वचित हातपायांना झटकेही येतात. घरात एकच धांदल उडते. कोणी दृष्ट काढू लागते, कोणी कांदा हुंगवते. मिनिटभराच्या आत मूल पुन्हा श्वास घेऊ लागते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते!

वस्तुतः हा श्वास मूल हट्टाने रोखीत नाही. रडताना श्वास बाहेर टाकला जातो आणि पुढचा आत घेण्याची क्रिया आपोआप खोळंबते. दुसऱ्या प्रकारात, पडल्याने किंवा दचकल्याने हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात व मूल पांढरेफटक पडते. सहा महिने ते सहा वर्षे या वयातील शंभरांपैकी सुमारे पाच मुलांत हे आढळते. हा अपस्मार नव्हे. ह्यामुळे मेंदूला इजाही होत नाही.

अशा वेळी मुलास कुशीवर निजवावे व जवळच्या टणक वस्तू दूर साराव्यात. त्याला गदागदा हलवू नये. तोंडात बोट वा चमचा घालू नये. मिनिट उलटूनही श्वास परतला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

पहिल्या झटक्यानंतर वैद्यकीय तपासणी अवश्य व्हावी, कारण अनेकदा मूळ रक्तातील लोहाच्या कमतरतेत असते. १९९७ साली जॉर्डनमधील डॉक्टरांनी ६७ बालकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. लोह दिलेल्यांपैकी ८८ टक्के मुलांचे झटके थांबले वा कमी झाले. न दिलेल्यांत हे प्रमाण अवघे ६ टक्के होते. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. तेव्हा हा प्रश्न घरोघरचा आहे. सहा महिन्यांनंतर केवळ दुधावर मूल ठेवू नये; डाळी, पालेभाज्या, नाचणी द्यावी. लोहाचे औषध मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे व बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नये. अधिक मात्रा विषारी ठरते.

सहा महिन्यांपूर्वीच झटका आला, न रडता किंवा झोपेत आला, धावताना मूल कोसळले, अथवा कुटुंबात तरुणपणी कोणास आकस्मिक मृत्यू आला असेल, तर हृदयाचा विद्युत् आलेख विनाविलंब काढावा.

एरवी पुढच्या झटक्याच्या भयाने मुलाचा प्रत्येक हट्ट पुरविणे हेच अधिक हानिकारक होय. झटका ओसरल्यावर मुलास जवळ घ्यावे. पण नाकारलेली वस्तू त्याच्या हाती देऊ नये.